तार, ध्वनी आणि जाल : बीदर–कलबुर्गी सीमाभागातील संदेशवहनाचा इतिहास

१

महाराष्ट्र–कर्नाटक सीमाप्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आयोगांचे अहवाल, जनगणनेचे आकडे, खेड्यांच्या याद्या, विधिमंडळांचे ठराव आणि न्यायालयातील दावे ह्यांचा त्यात सविस्तर ऊहापोह आढळतो. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे त्या वादात सतत पुढे असतात. बीदर व कलबुर्गी ह्या जिल्ह्यांतील मराठी भाषकांची कहाणी मात्र बहुधा तळटीपेपुरती उरते. त्या दाव्याची फेरतपासणी करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आम्हांस काहीशा वेगळ्या वाटेने ह्या प्रदेशाकडे पाहावयाचे आहे. माणसाचा शब्द एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी टपाल, आगगाडी, तार, ध्वनिक्षेपण, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट ही साधने ह्या भूमीवर एकामागून एक आली. त्यांनी येथील निरनिराळ्या भाषकांस कसे वागविले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज विचारण्यास कारणही तसेच आहे. २०१५ ते २०१८ ह्या वर्षांत आपल्या देशात ‘नेट न्यूट्रॅलिटी’ ह्या विषयावर मोठा वाद झाला. इंटरनेटची सेवा पुरविणाऱ्या कंपनीने आपल्या वाहिनीतून जाणाऱ्या मजकुरात आपपरभाव करू नये; कोणाचा मजकूर अडवू नये, मुद्दाम सावकाश सोडू नये, अथवा कोणाचा फुकट व कोणाचा महाग करू नये, असे हे तत्त्व आहे. हा वाद अभियंत्यांचा व व्यापाऱ्यांचा, साहित्याच्या व भाषेच्या अभ्यासकास त्याच्याशी काय कर्तव्य, असा समज आपल्याकडे सर्वत्र दिसून आला. आमच्या मते तो समज चुकीचा होता. जी भाषा कचेरीत नाही, शाळेत जिची जागा अनिश्चित आहे आणि जिचे बोलणारे आपल्या राज्यात थोडे आहेत, तिला हा प्रश्न इतर कोणाहूनही अधिक जवळचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आम्ही दोन शब्द योजतो. वाहिनीने सर्वांचा संदेश सारख्याच रीतीने नेणे, ह्यास आम्ही ‘वहनसमता’ म्हणू. आणि वाहिनीच्या दोन्ही टोकांशी प्रत्येकास आपल्या भाषेत पोचता येणे, ह्यास ‘प्रवेशसमता’ म्हणू. ह्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ गोंधळ माजतो, आणि बीदर–कलबुर्गीचा इतिहास हा भेद जितका स्पष्ट दाखवितो तितका क्वचितच दुसऱ्या प्रदेशाचा दाखवीत असेल.

२

प्रथम निजामी राजवटीकडे वळू. बीदर व गुलबर्गा (२०१४ पासून अधिकृतपणे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी उर्दू ह्या चार भाषा येथे एकाच बाजारात नांदत. हुमनाबादजवळील माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) ह्यांनी मराठी, कन्नड व हिंदी ह्या भाषांतून पदरचना केली, ह्यावरून येथील श्रोतृवर्ग कसा मिश्र होता हे ध्यानात येईल. लोकव्यवहारातील ही बहुभाषिकता कोणी कायद्याने आणलेली नव्हती. ती गावाच्या रचनेतच होती.

राज्यव्यवहाराची गोष्ट निराळी. १८८४ च्या सुमारास संस्थानाच्या कारभारातील फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले. संस्थानातील उर्दू भाषकांचे प्रमाण तेव्हा जेमतेम दहा-बारा टक्के होते. देशी भाषेस विद्यापीठाचे माध्यम करण्याचा तो प्रयोग आपल्या परीने धाडसी होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तेलुगू, मराठी व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली, इतकाच त्याचा अर्थ होता.

ह्या संदर्भात एक लहानशी वस्तू पाहण्यासारखी आहे. १९१८ नंतर संस्थानाने ज्या कागदी नोटा काढल्या, त्यांवर मुख्य मजकूर उर्दूत असे आणि किंमत मात्र मराठी, कन्नड, तेलुगू व इंग्रजीतही छापलेली असे. ज्या मराठीस न्यायालयात व विद्यापीठात प्रवेश नव्हता, तिला नोटेवर जागा होती. ह्याचे कारण उघड आहे. नोट ही हातोहात फिरावयाची वस्तू. ती घेणाऱ्यास वाचता आली नाही तर ती चालणारच नाही. जेथे राज्याला प्रजेची गरज होती तेथे प्रजेची भाषा आली. जेथे प्रजेला राज्याची गरज होती तेथे ती आली नाही. पुढील सर्व इतिहासात हा नियम आम्हांस पुनःपुन्हा भेटणार आहे.

संस्थानाचे टपालखातेही स्वतंत्र होते, आणि ते १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाले. पत्रावरील पत्ता कोणत्या लिपीत आहे ह्यापेक्षा तिकीट लावले आहे की नाही हे टपालास महत्त्वाचे वाटे. सभेची गोष्ट मात्र तशी नव्हती. ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या फर्मानान्वये पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविता येत नसे. मराठी, कन्नड व तेलुगू ह्या तिन्ही भाषांतील वाचनालये व परिषदा ह्या निर्बंधांच्या छायेतच वाढल्या. पत्र जाऊ शकत होते. पण चार माणसे एकत्र जमून एका भाषेत बोलू लागली की परवाना लागे. लोकांचा शब्द अडविण्याची जागा वाटेवर नसून मुक्कामावर असते, हे ह्या प्रदेशाने त्या काळीच अनुभवले होते.

३

वहनसमतेच्या कल्पनेचा उगम आगगाडी व तार ह्या दोन साधनांत आहे. सोलापूरहून गुलबर्ग्यावरून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये सुरू झाला. आगगाडीने भाडे घेतले म्हणजे उतारूची जात अगर भाषा विचारावयाची नाही, ही गोष्ट त्या काळच्या समाजास किती नवी होती हे सांगावयास नको. तारेच्या बाबतीत हेच तत्त्व लेखी स्वरूपात मांडले गेले. अमेरिकेत १८६० मध्ये झालेल्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्याने असे ठरविले की, सरकारी संदेशांचा अग्रक्रम सोडल्यास, कोणाही व्यक्तीचा वा कंपनीचा संदेश ज्या क्रमाने हाती येईल त्याच क्रमाने निःपक्षपातीपणे पुढे धाडावा. २००३ मध्ये टिम वू ह्या अमेरिकन विधिज्ञाने ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याने नवे तत्त्व शोधले असे नव्हे. सार्वजनिक वाहकाच्या जुन्या धर्माची त्याने नव्या वाहिनीस आठवण करून दिली.

हा धर्म पाळला गेला नाही म्हणजे काय होते, ह्याचे ठळक उदाहरण आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नाही, हे प्रसिद्ध आहे. लिहिणारा मराठी, वाचणारे मराठी, छापणारेही मराठी. भाषेचा भेद तिळमात्र नव्हता. तरीही वाट अडली, कारण वर्तमानपत्र हे सार्वजनिक वाहक नव्हते; कोणाचा शब्द न्यावा हे त्याच्या चालकाच्या इच्छेवर होते. ‘मूकनायक’चे अंक वर्गणीदारांकडे पोचले ते टपालाने. टपालखात्यास त्यातील मजकुराविषयी प्रेम होते असे नाही. त्यास मत बाळगण्याची मोकळीक नव्हती, आणि तेच दुर्बळाच्या पथ्यावर पडले. ज्याच्या पाठीशी संख्या, पैसा वा प्रतिष्ठा आहे त्याचा शब्द कोणत्याही वाटेने जातोच. उदासीन वाहकाची खरी गरज असते ती ज्याच्या पाठीशी ह्यांपैकी काहीच नाही त्याला.

तथापि तारेची ही समता अपुरी होती. दीर्घकाळ तार रोमन लिपीतच लिहावी लागे. देवनागरी तारांची सोय १९४९ मध्ये काही निवडक शहरांपासून सुरू झाली. म्हणजे तारयंत्र ह्या देशात सार्वजनिक वापरास खुले होऊन नव्वदांहून अधिक वर्षे लोटल्यावर. कन्नड, तेलुगू वा उर्दू लिपीत लिहिणाऱ्या सामान्य माणसाला तेवढीही सोय नव्हती. तार सर्वांची सारख्याच क्रमाने नेली जाई, पण ती लिहिण्यासाठी लेखनिक शोधावा लागे. वहनसमता होती, प्रवेशसमता नव्हती. २०१३ मध्ये तारेची सेवा बंद झाली, तरी तिने घालून दिलेला हा धडा शिल्लकच आहे.

४

१९५३ च्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन झाले. जुन्या बीदर जिल्ह्याची तर चिरफळेच उडाली. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यास मिळाले. पूर्वेकडील काही भाग आंध्रात गेला. आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण हा भाग गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. भालकी व उदगीर ही एकाच लोहमार्गावरील शेजारची गावे. १९५६ नंतर त्यांच्या राजधान्या दोन झाल्या. उदगीरच्या बाजारात ज्याचा माल जाई आणि ज्याची लेक निलंग्यास दिलेली असे, त्या भालकीच्या शेतकऱ्यास आता आपले अर्ज वेगळ्या भाषेत लिहावे लागू लागले.

ह्या अडचणीची घटनाकारांस व राज्यकर्त्यांस जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ व ३५०-ब ही कलमे घातली गेली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. १९५६ च्याच संरक्षणविषयक निवेदनात असे ठरले की, ज्या जिल्ह्यात अथवा तालुक्यात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत. हे निवेदन होते. तो कायदा नव्हता. उलट म्हैसूरचा राजभाषा अधिनियम १९६३ चा आणि महाराष्ट्राचा १९६४ चा. हे दोन्ही कायदे होते. निवेदन आणि कायदा ह्यांची गाठ पडली म्हणजे कचेरीत कोण जिंकते हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

५

१९७५ मध्ये ह्या प्रदेशात एक विलक्षण घटना घडली. तिची नोंद विज्ञानाच्या इतिहासात आहे, पण आमच्या माहितीप्रमाणे सीमाप्रश्नाच्या चर्चेत ती कोणी घेतलेली नाही. अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष ग्रामीण भागात शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग करण्यात आला. ‘साइट’ ह्या नावाने तो ओळखला जातो. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती, आणि कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे घेतले होते. ज्या खेड्यांत मोठ्या शहरांच्याही आधी दूरचित्रवाणी पोचली, त्यांत गुलबर्गा जिल्ह्यातील खेडी होती.

ह्या प्रयोगातील एक तांत्रिक बाब आमच्या विषयाशी निगडित आहे. उपग्रहावरून चित्र एकच येई, परंतु त्याबरोबर ध्वनीच्या दोन वाहिन्या येत. त्यामुळे तेच चित्र आंध्रातील खेड्यात तेलुगूत आणि कर्नाटकातील खेड्यात कन्नडात ऐकू येऊ शके. कार्यक्रमांच्या भाषा हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड अशा चार होत्या. मराठी त्यांत नव्हती, कारण महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आळंद हा तालुका गुलबर्गा जिल्ह्यातलाच. तेथील एखाद्या मराठी घरातील वृद्धेने शेजारच्या गावी जाऊन तो संच पाहिला असेल, तर तिला पिकाचे वा बाळाच्या आरोग्याचे चित्र स्वच्छ दिसले असेल. शब्द मात्र जितके कन्नड तिला अवगत असेल तितकेच कळले असतील. ह्यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. ध्वनीच्या वाहिन्या दोनच होत्या आणि त्या राज्यनिहाय वाटल्या गेल्या. पण जी साधने मोजकी असतात ती बहुसंख्येच्या हिशेबाने वाटली जातात, आणि सीमेवरचा माणूस त्या हिशेबात कोठेच बसत नाही, हे ह्या उदाहरणावरून दिसते. आकाशवाणीचे गुलबर्गा केंद्र १९६६ मध्ये सुरू झाले त्यालाही हाच न्याय लागू होता. ध्वनिलहरींना सीमा नसते, कार्यक्रमपत्रिकेला असते.

इंटरनेटचे वेगळेपण ह्या पार्श्वभूमीवरच कळते. ह्या प्रदेशात आलेली ही अशी पहिलीच सार्वजनिक वाहिनी, की जिच्यात जागेची वाटणी भाषेवार करावी लागत नाही. एका भाषेचा कार्यक्रम चालू असताना दुसरीस थांबावे लागत नाही.

६

परंतु वाहिनी येण्याआधी अक्षर यावे लागते. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये सिद्ध झालेल्या व १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘इस्की’ ह्या संकेतावलीत एक शहाणपणाची युक्ती होती. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांतील सजातीय अक्षरांस एकच क्रमांक दिला होता. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ ह्यांचा क्रमांक एकच. १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीने लिप्यांचे तक्ते वेगळे केले, तरी ही समांतर मांडणी कायम ठेवली; देवनागरीच्या तक्त्यात ‘क’ ज्या घरात आहे, कन्नडच्या तक्त्यातही तो त्याच घरात आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीने मराठी ‘क’ उमटतो त्याच कळीने कन्नड ‘क’ उमटतो. ज्या दोन भाषांच्या नावाने सत्तर वर्षे दावे चालले आहेत, त्या यंत्राच्या पोटात अशा शेजारी बसलेल्या आहेत. २०१४ मध्ये मोडी लिपीसही युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

समता मात्र येथेही पूर्ण नव्हती. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. देवनागरीची वा कन्नडची ७०. तोच निरोप आपल्या लिपीत धाडावयाचा तर दोन-तीन संदेशांचे दाम पडत. अनेकांनी रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय लावून घेतली, ती निव्वळ हौसेपोटी नव्हे. दर सर्वांना एकच होता. पण मोजमाप इंग्रजीच्या अंगाने बेतलेले होते. समान दराच्या पोटात असमान माप असू शकते, हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

७

आता जमिनीकडे येऊ, कारण सीमाभागातील शेतकऱ्याचे खरे हित तेथे गुंतलेले आहे. कर्नाटक शासनाने ‘भूमी’ ह्या योजनेखाली सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर चढविल्या आणि २००१–०२ च्या सुमारास हस्तलिखित पहाणी बाद ठरविली. पूर्वी पहाणीचा उतारा गावच्या लेखापालाच्या मर्जीवर मिळे. आता तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपये भरून तो कोणासही मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात काढण्याची व्यवस्था यंत्रातच बसविली होती. १८६० च्या तारेच्या कायद्यातील तत्त्व सुमारे एकशे चाळीस वर्षांनी भालकीच्या तालुका कचेरीत अवतरले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. गरीब खातेदारास, विशेषतः ज्याला गावच्या चावडीवर जातीमुळे ताटकळत ठेवले जाई त्याला, ही मोठीच सुटका होती.

पण हाती आलेला कागद कन्नडमध्ये होता. ज्याचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्याला आपल्याच शेताचा गट, क्षेत्र व बोजा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. त्याच्या आजोबाने ह्याच जमिनीचा कागद उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घेतला होता. राजवट बदलली, घटना आली, यंत्र आले. वाचून घेण्याची पाळी मात्र टळली नाही. जुन्या नोटेचा नियम येथेही खरा ठरला: राज्याला ज्याची गरज नाही, ते प्रजेच्या भाषेत सहसा येत नाही.

ही अडचण यंत्राने निर्माण केलेली नाही, आणि ती दूर करणे यंत्रास अशक्यही नाही. अक्षरांचे तक्ते समांतर असल्यामुळे खातेदाराचे नाव, गावाचे नाव व ठरीव मथळे दोन लिप्यांत छापणे हे काम फारसे खर्चाचे नाही. उणीव आहे ती इच्छेची.

८

इंटरनेटवरील समतेचा वाद उभा राहिला तो ह्या पार्श्वभूमीवर. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक विचारपत्र प्रसिद्ध केले आणि त्यावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी पत्रे धाडली. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, फेसबुक व रिलायन्स कम्युनिकेशन्स ह्यांनी ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना सुरू केली होती. पुढे तिला ‘फ्री बेसिक्स’ असे नाव मिळाले. काही निवडक संकेतस्थळे फुकट पाहता येतील, बाकीच्यांसाठी पैसे पडतील, अशी ती योजना होती. प्रारंभी ती महाराष्ट्र, गुजरात, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू व केरळ ह्या सहा राज्यांत होती, आणि तिच्या भाषांत मराठीचा समावेश होता.

वरवर पाहता मराठी माणसाने ह्यावर संतुष्ट व्हावे. परंतु भालकीच्या दृष्टीने पाहा. दूरसंचाराचा देश बावीस सेवाक्षेत्रांत विभागलेला आहे आणि बीदर–कलबुर्गी कर्नाटकाच्या सेवाक्षेत्रात येतात. उदगीरच्या ग्राहकास मराठी पाने फुकट मिळतील, आणि त्याच कंपनीच्या भालकीच्या ग्राहकास मिळणार नाहीत, अशी ती रचना होती. शेजारच्या तालुक्यात बोलण्यास दीर्घकाळ रोमिंगचा वेगळा आकार द्यावा लागे, त्याचीच ही पुढची पायरी. १९५६ ची रेषा १९५६ मध्ये जमिनीवर आखली गेली होती. आता ती भ्रमणध्वनीच्या पोटात उतरली. कंपनीने भाषेस स्थान दिले, पण ते राज्याच्या चौकटीत. जो आपल्या भाषेच्या राज्याबाहेर राहतो, त्याची भाषा कंपनीच्या यादीत असूनही तो मात्र यादीबाहेरच.

आणि यादी कोणी करावयाची, हा त्याहून मूलगामी प्रश्न होता. कोणती संकेतस्थळे फुकट असावीत हे ठरविणारा मालक ‘केसरी’च्या व्यवस्थापकाच्या खुर्चीतच बसलेला असतो. लहान भाषेतील लहान नियतकालिक, एखाद्या वस्तीतील तरुणांनी चालविलेले पत्र, तांड्यावरील गीतांचा संग्रह ह्यांस त्या यादीत कोण घेणार? न्यायाने पाहिल्यास अडविण्याची गरजही नव्हती. शेजारचे दार फुकट उघडे ठेवले की ह्यांच्या दाराशी कोणी येत नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरावरून दरात भेद करण्यास मनाई करणारे विनियम काढले. भंग केल्यास दररोज पन्नास हजार, कमाल पन्नास लाख रुपये दंड ठेवला. अडविणे, मंदावणे, अग्रक्रम देणे ह्यांसंबंधीच्या शिफारशी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाल्या व जुलै २०१८ मध्ये शासनाने त्या स्वीकारल्या. हे तत्त्व किती नाजूक आहे ते अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसते. तेथे २०१५ मध्ये आलेले नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते मोडीत काढले.

९

ह्या विजयाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. वाट सर्वांना मोकळी झाली; वाटेपर्यंत जाण्याचे साधन व मुक्कामी आपली भाषा ह्या गोष्टी वेगळ्याच राहिल्या. वहनसमता हा पाया आहे, घर नव्हे. गावोगाव ग्रामपंचायतींपर्यंत तंतुवाहिनी नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. वाहिनी पंचायतीच्या दाराशी आल्यावर आतील पडद्यावर कोणती भाषा दिसते हा प्रश्न उरतोच. शिवाय, सरकारने एखाद्या जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवण्याचा आदेश काढला, की त्या जिल्ह्यातील सर्वच भाषा एकदम मुक्या होतात. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निर्णयात इंटरनेटद्वारे होणारे भाषण हे घटनेने रक्षिलेले भाषण मानले आणि असे आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. गश्ती निशाण ५३ ज्यांच्या वाडवडिलांनी सोसली, त्यांना ह्या निर्णयाचे मोल अधिक कळावे.

आणखी एक कर्तव्य आम्ही आमच्याच वाचकांपुढे ठेवू इच्छितो. १९५५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर लिहिलेल्या ग्रंथात असा इशारा दिला होता की, एका भाषेच्या राज्यात त्या भाषेतील बहुसंख्य जात लहान समाजांवर वर्चस्व गाजवील. अल्पसंख्याकपणाचे दुःख केवळ मराठीस आहे असे मानणे हा आत्मवंचनेचा प्रकार होईल. बीदर–कलबुर्गीच्या तांड्यांवर बोलली जाणारी बंजारा भाषा आठव्या परिशिष्टात नाही आणि तिला स्वतःची लिपीही नाही. भ्रमणध्वनीवरून ती चालते ती मुख्यतः आवाजाच्या रूपाने. मराठी बोलणाऱ्या दलित वस्तीस मराठी शाळेत आपला शब्द सापडतो का, हेही विचारले पाहिजे. आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत येथील कन्नड शेतकऱ्याच्या हाती पिढ्यानपिढ्या मराठी उताराच पडत आला आहे. भालकीत जे आम्ही मागतो ते अक्कलकोटात आम्हांस द्यावे लागेल. तसे न केल्यास आमची मागणी समतेची न राहता केवळ संख्येची ठरेल, आणि संख्येच्या न्यायाने भालकीत आमचा पराभव आधीच झालेला आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळाला होता. दोन अभिजात भाषांच्या सीमेवरील शेतकऱ्यास स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतः वाचता येऊ नये, ही गोष्ट दोहोंसही भूषणावह नाही. निजामाच्या नोटेवर चार भाषांस जागा होती, ती नोट चालावी म्हणून. पहाणीच्या कागदावर दोन भाषांस जागा हवी, ती शेतकऱ्याचे चालावे म्हणून. वाहिनी मोकळी आहे, अक्षरे शेजारी बसलेली आहेत; तो कागद छापण्याचे तेवढे राहिले आहे.